वाचकांचे प्रश्न : जोडलेला डेटा बायनरी स्वरूपात पाठवताना

प्रश्न : मुंबईतील जुन्या वास्तूंच्या नोंदी आम्ही आरडीएफ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक माहिती विषय-गुणधर्म-मूल्य अशा छोट्या विधानात मांडून, जोडल्या आहेत. एन-ट्रिपल्स फाइल (साधा मजकूर, दर ओळीत एक विधान) जीझिपने आकुंचित करून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवतो, तरी तिथे ती वाचून घेण्यास फार वेळ लागतो. बायनरी स्वरूपाने हा वेळ वाचेल का? – एक वाचक, दादर

उत्तर : बराच वाचू शकेल, मात्र फाइल लहान होणे हे त्याचे मुख्य कारण नव्हे. जीझिपमुळे वाटेतला भार कमी होतो, पण पलीकडे फाइल उलगडल्यावर प्रत्येक अक्षर पुन्हा वाचावेच लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबद्दल, म्हणजे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, २००४ साली जागतिक वारसा यादीत झालेला समावेश इत्यादी, आपल्याकडे वीस विधाने असतील, तर त्या वास्तूचा संपूर्ण आयआरआय (वेबपत्त्यासारखी तिची ओळख) वीस ओळींत वीसदा येतो आणि वीसदा तपासला जातो.

प्रोटोकॉल बफर्स या डेटा बायनरीत मांडण्याच्या तंत्रावर आधारलेल्या ‘जेली’ या स्वरूपात आयआरआयचे उपसर्ग (सुरुवातीचा सामाईक भाग) आणि नाव असे दोन भाग करून ते तक्त्यांत एकदाच नोंदवले जातात, आणि पुढे केवळ क्रमांक धाडले जातात. १२७ पर्यंतचा क्रमांक एका बाइटमध्ये मावतो. शिवाय आधीच्या विधानातलाच विषय पुन्हा आला, तर तो पाठवलाच जात नाही. म्हणून एका वास्तूची सर्व विधाने सलग ठेवून पाठवावीत. एवढ्या साध्या काळजीने मोठा फरक पडतो.

२०११ साली डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेकडे सादर झालेले एचडीटी हेही उत्तम स्वरूप आहे, परंतु त्यात संपूर्ण संग्रहाचा शब्दकोश आधी तयार करावा लागतो. साठवून ठेवलेल्या डेटात शोध घेण्यासाठी ते योग्य. सतत येणाऱ्या नोंदींच्या प्रवाहासाठी मात्र ते सोयीचे नाही.

जेलीच्या तक्त्यांचा आकार मर्यादित असल्यामुळे कितीही लांब प्रवाह ठरावीक मेमरीत वाचता येतो, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोलाचा गुण आहे. पण जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या येतात, त्यामुळे मधली एक फ्रेम (प्रवाहाचा एक तुकडा) जरी हरवली तरी पुढच्या क्रमांकांचा अर्थ बिघडतो. तेव्हा क्रम राखणारी टीसीपीसारखी वाहतूक वापरावी, आणि जोडणी तुटल्यास प्रवाह नव्या तक्त्यांनिशी पुन्हा सुरू करावा. दीर्घकाळ जतन करायची प्रत मात्र एन-ट्रिपल्समध्येच असू द्यावी, कारण ती कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येते.

बदल करण्यापूर्वी वेळ नेमका फाइल वाचण्यात जातो की डेटाबेसमध्ये इंडेक्स (शोधासाठीची सूची) बांधण्यात, हे वेगवेगळे मोजून पाहावे. इंडेक्समध्ये जाणारा वेळ कोणत्याही बायनरी स्वरूपाने कमी होणार नाही.