व्हिसाची मुदत उलटलेल्या भाच्याचं लग्न धुळ्यात करावं का?

तुम्ही लिहिलंय की भाचा टुरिस्ट व्हिसावर न्यू जर्सीला गेला, मुदत संपून वर्ष उलटलं, आता तिथल्याच मुलीशी लग्न ठरतंय, आणि घरच्यांचं म्हणणं आहे की धुळ्याला येऊन धूमधडाक्यात लग्न कर, मग बायको बोलावून घेईल.

त्याला येऊ देऊ नका. बाकी सगळं यानंतर.

अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं, आणि एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर १० वर्षं परत प्रवेश नाही. ही बंदी तिथे बसून असताना लागत नाही, देश सोडला की लागते. माफीचा अर्ज असतो, पण त्यात बायकोचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. हळदीसाठी एवढा जुगार कशाला?

आमच्या चोपड्याच्या घरात हाच वाद झाला होता. मोठी आई हट्टाला पेटलेली, 'पहिले घर ये, मंग लगन.' शेवटी पोरानं तिकडेच नोंदणी लग्न केलं आणि इथे आम्ही टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून अक्षता टाकल्या. मुदत उलटली म्हणून तिथे लग्न करायला बंदी नसते.

आता मुलगी 'तिकडचीच आहे' एवढ्यावर थांबू नका. अमेरिकन पासपोर्ट आहे की नुसतं ग्रीन कार्ड, हे स्पष्ट विचारा. आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'परमनंट' म्हणतात, पण इथे सगळा खेळ त्यावरच आहे. ती नागरिक असेल आणि भाचा विमानतळावर रीतसर शिक्का मारून आत गेला असेल, तर मुदत उलटल्याचा मुद्दा तिथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करताना सहसा आड येत नाही. ती फक्त ग्रीन कार्डवाली असेल तर येतो. चोरवाटेनं सीमा ओलांडलेल्यांची गोष्ट तर पूर्ण वेगळी.

बायको आय-१३० भरते, म्हणजे 'हा माझा नवरा' असा नात्याचा अर्ज, आणि नवरा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज. दोन्ही एकत्र टाकता येतात. सोबत तिचं आय-८६४, म्हणजे उत्पन्नाची हमी. तिचा पगार कमी पडला तर दुसरा जामीनदार चालतो. अर्ज पडून असताना परवानगीशिवाय देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. घरी कोणी आजारी पडलं तरी 'लगेच निघ' असा फोन करू नका, आधी वकिलाला विचारायला सांगा.

इकडची खरी डोकेदुखी जन्मदाखल्याची. आमच्या पोराचा जन्म खेड्यात घरीच झालेला, नोंदच नव्हती. ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं, असं गाठोडं पाठवलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव पासपोर्टशी जुळतंय का ते आत्ताच पाहून ठेवा. आपल्या जुन्या दाखल्यांत आडनाव पुढे असतं आणि त्यावरून तिकडे गोंधळ होतो.

कोणी एजंट 'पैसे द्या, कागदावर लग्न लावून देतो' म्हणाला तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. खोट्या लग्नाला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, शिवाय पुढे खरं लग्न केलं तरी त्या जोरावर ग्रीन कार्ड मिळत नाही. मुलाखतीत घराचा करार, सामाईक बँक खातं, फोटो, सगळं बघतात. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मंजुरी मिळाली तर कार्डही दोनच वर्षांचं, अटीवरचं येतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते.

एक गोष्ट लपवत नाही. अर्ज केला म्हणजे अटकेपासून संरक्षण मिळालं असं नाही. २०२५ मध्ये मुलाखतीला गेलेल्या काही नवऱ्या-बायकांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यामुळे वकील तिथलाच, इमिग्रेशनचा धरा. जुना हद्दपारीचा हुकूम नाही ना, हे त्याच्याकडून आधी तपासून घ्या.

आज रात्री भाच्याला फोन कराल तेव्हा आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख विचारा. पासपोर्टातला व्हिसा दहा वर्षांचा दिसतो, पण राहायची मुदत आय-९४ वर असते, टुरिस्टला बहुधा सहा महिने. दिवस तिथून मोजायचे. वकीलही पहिला कागद तोच मागेल.