टर्बो बदलला, धूर तसाच आणि गाडी गॅरेजात अडकली

प्रश्न : माझ्याकडे २००८ ची ऑडी टीटी आहे. निळा धूर येत होता, चढावर ओढ कमी झाली होती. एका खासगी गॅरेजने ‘टर्बो गेलाय, नवा ओरिजिनल टाकतो’ असे सांगितले. १,९०,००० रुपये ठरले. १,४०,००० मी यूपीआयने दिले. उरलेले ५०,००० ‘पंधरा दिवस चालवून बघा, मग द्या’ असे मालकच म्हणाला. बिल साध्या कागदावर मिळाले. सहाशे किलोमीटर होत नाहीत तोच ताम्हिणी घाटात शिट्टीसारखा आवाज आला आणि पुन्हा निळा धूर. गाडी टो करून त्याच गॅरेजात नेली. आता तो म्हणतो, इंजिनच थकलेय, तुम्ही गाडी पळवलीत. आधी पन्नास हजार द्या आणि वर दिवसाला ३०० रुपये पार्किंग. काढलेला जुना टर्बो मागितला तर ‘भंगारात गेला’. गाडीची दुसरी चावी माझ्याकडे आहे. रात्री जाऊन गाडी घेऊन येऊ का? की पोलिसांत जाऊ? जाता जाता : टर्बोबरोबर त्याने रीमॅपही (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करून दिले होते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चावी कपाटात ठेवा आणि त्या गॅरेजाकडे रात्री फिरकू नका.

स्वतःच्याच गाडीची चोरी कशी होईल, असे तुम्ही म्हणाल. होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे दिली आहेत. जुन्या दंडविधानाच्या कलम ३७८ मधलीच ती पुढे आली आहेत. त्यातले एक घड्याळाचे आहे : दुरुस्तीचे पैसे देणे बाकी आहे, कारागिराने त्यापोटी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवले आहे, आणि मालकाने त्याचे हे तारण बुडवण्याच्या इराद्याने ते उचलून नेले, तर मालकाने चोरी केली. त्याच्या आधीचे उदाहरण उलटे आहे. कारागिराचे काही देणेच नसेल, तर मालकाने घड्याळ बळजबरीने नेले तरी चोरी होत नाही. म्हणजे सगळे येऊन थांबते एकाच गोष्टीवर : गाडी अडवण्याचा हक्क गॅरेजला होता का?

हा हक्क भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मधून येतो. वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च करणाऱ्याला त्याचा वाजवी मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते; यालाच धारणाधिकार म्हणतात. तुमच्या बाबतीत मात्र त्याची बाजू लंगडी आहे. पंधरा दिवसांची उधारी त्यानेच दिली आणि गाडी तुमच्या हवाली केली. धारणाधिकार ताब्यावर उभा असतो. ताबा सोडला की तो संपतो. नंतर तुम्ही तक्रार घेऊन तीच गाडी परत आणलीत म्हणून जुन्या बाकीसाठी तो पुन्हा जिवंत होत नाही. उधारीचे असेच उदाहरण कलम १७० खालीही आहे, तिथे शिंपी आणि कोट आहेत. पण हा युक्तिवाद ग्राहक आयोगासमोर करायचा असतो. मध्यरात्री गॅरेजच्या फाटकाशी, वॉचमन आणि बीट मार्शलसमोर, तो करून उपयोग नाही.

पार्किंगचे ३०० रुपये तर विसराच. कलम १७० श्रमाच्या मोबदल्यापुरते आहे. स्वतःच्या वसुलीसाठी गाडी अडवायची आणि अडवल्याचे भाडेही घ्यायचे, हे त्यात बसत नाही. फक्त जॉब कार्डची मागची बाजू वाचा. तिथे बारीक अक्षरात ‘सात दिवसांनंतर पार्किंग आकारले जाईल’ असे छापलेले असेल आणि खाली तुमची सही असेल, तर मला पुन्हा लिहा.

पोलिसांत जाण्याने आज फारसे हाती लागणार नाही. चौकीवर ‘हे दिवाणी आहे’ असे सांगतील, आणि या टप्प्यावर ते चुकीचेही नाही.

आता मुख्य मुद्दा. जुना टर्बो तुम्ही मागितलात, म्हणजे ‘त्याने नवा टर्बो टाकला की नाही’ ही तुमची शंका आहे. मला त्याहून मोठा प्रश्न दिसतो : पहिला टर्बो का गेला, हे त्याने पाहिले का? टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो; त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल काही सेकंद कमी पडले किंवा त्यात कचरा आला, की बेअरिंग संपते. म्हणून टर्बो बदलताना तेल आणि फिल्टर बदलायचे, तेल आणणारा बारीक पाइप बदलायचा किंवा आत काजळी साचली नाही ना हे पाहायचे, संपमधली (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातली) जाळी पाहायची, इंटरकूलरमधले (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागातले) तेल आणि धातूचे तुकडे धुऊन काढायचे, आणि इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत तेल भरायचे. चांगला मेकॅनिक हे न सांगता करतो. हे न करता नवा टर्बो बसवला, तर पहिल्याचा रोग दुसऱ्याला लागतो, टर्बो कितीही ओरिजिनल असला तरी. सहाशे किलोमीटरांत धूर येणे मला त्या दिशेचे वाटते. हे सिद्ध झाले, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली ‘सेवेतील त्रुटी’ सरळ लागू होते आणि ‘गाडी म्हातारी आहे’ हा त्याचा बचाव त्याच्यावरच उलटतो. अठरा वर्षांच्या आसपासची गाडी आहे हे त्याला काम घेतानाच दिसत होते. इंजिन थकलेले होते, तर टर्बो टाकण्याआधी सांगायला नको?

हे सिद्ध करणारा पुरावा आज त्याच्याच शेडमध्ये उभा आहे. त्याने उद्या टर्बो खोलून पुसून ठेवला, तर तुमचे प्रकरण अर्धे संपले. म्हणून आजच व्हॉट्सअॅप आणि ईमेल करा, आणि हेच स्पीड पोस्टानेही पाठवा : ‘माझ्या लेखी संमतीशिवाय गाडीचा कोणताही भाग खोलू नये, इंजिन सुरू करू नये. तपासणी दोघांच्या उपस्थितीत होईल. तारीख कळवावी.’

तपासणीला वाहनांच्या तपासणीचा परवाना असलेला विमा सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाईलचा इंजिनिअर न्या. पिंपरी-भोसरी-चाकणच्या पट्ट्यात अशा माणसांची वानवा नाही. फी द्या, फुकटचा मित्र नको. आधी हवेचा पाइप सोडवून शाफ्टला किती प्ले (ढिलेपणा) आहे ते पाहता येईल. मग टर्बो उतरवावा लागेल. या गाडीच्या दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा भाग) एकसंध असतात, त्यामुळे ते काम वेळखाऊ आहे. त्याची मजुरी कोण देणार हे आधीच लिहून घ्या. शाफ्ट निळसर पडला असेल तर तेल कमी पडल्याची शंका घट्ट होते. बेअरिंगवर ओरखडे असतील तर तेलात कचरा होता. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या चक्राची पाती वाकली असतील तर बाहेरचे काहीतरी आत गेले. तेलाच्या तोंडाशी जास्तीचा सीलंट दाबला गेलाय का, हेही पाहायला सांगा. ही चूक नेहमीची आहे. टर्बोवरच्या पट्टीवरचा पार्ट नंबर आणि सीरियल नंबर यांचा फोटो घ्या. तेल स्वच्छ बाटलीत घेऊन सील करा, वर दोघांच्या सह्या.

काढलेला जुना टर्बो तुमचा होता. दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूचा काढलेला भाग गॅरेजचा होत नाही, तुम्ही तो सोडल्याशिवाय. एक शक्यता मात्र तपासा. रीकंडिशन केलेले टर्बो जुन्याच्या बदल्यात मिळतात. ‘भंगारात गेला’ याचा अर्थ ‘बदल्यात दिला’ असा निघाला, तर तुम्हाला ‘नवा ओरिजिनल’ म्हणून दिलेली वस्तू नवी नव्हती, आणि मग मामला अनुचित व्यापारी प्रथेकडे जातो. पक्के बिल न देणे हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. जीएसटी वाचवायला तुम्हीच कच्चे बिल मागितले असेल, तर तसे मला खरे सांगा.  बिल नाही म्हणून तक्रार फेटाळली जात नाही. यूपीआयची नोंद आणि चॅट पुरेसे आहेत. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

गाडी सोडवण्यासाठी माझा सल्ला कदाचित आवडणार नाही : पन्नास हजार भरा. ‘हक्क राखून, निषेधासह, फक्त गाडीचा ताबा मिळवण्यासाठी’ असे लिहून बँकेतून पाठवा आणि तपासणीनंतर फ्लॅटबेडवर गाडी घरी आणा. ते पैसे तक्रारीत परत मागता येतात. आयोगाकडे ताब्यासाठी अंतरिम आदेशही मागता येतो, पण तोवर गाडी उघड्यावर उभी राहील.

मग गॅरेजला लेखी नोटीस पाठवा आणि उत्तराला पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आले नाही, तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असला की जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. वकील लागतोच असे नाही. कायद्याने तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे; तुम्ही तेवढ्यावर सुट्टीचे बेत आखू नका. टर्बो आणि मजुरीची रक्कम, तपासणीचा खर्च आणि मनस्तापापोटी माफक रक्कम, एवढे मागा. मनस्तापाचे दहा लाख लिहिले की बाकीची तक्रारही कोणी गंभीरपणे घेत नाही. विमा कंपनीकडे जाऊ नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत वगळलेले असतात.

तुम्ही ‘जाता जाता’ लिहिलेले रीमॅप मात्र मला जाता जाता सोडता येत नाही. मूळ क्षमतेचा टर्बो त्याच जागी बसवला, तर आरटीओला काही कळवायचे नसते. पण रीमॅपने ताकद वाढवली असेल, तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आडवे येते, आणि असा फेरबदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ मध्ये प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. शिवाय समोरचा वकील म्हणेल, वाढलेल्या दाबाने टर्बो मेला, आणि तो दाब तुम्हीच मागितला होता. त्याने स्वतःहून ‘फ्रीमध्ये करून देतो’ म्हटल्याचा मेसेज असेल, तर तो सोन्यासारखा जपा. नसेल, तरी तक्रारीत रीमॅप लपवू नका. ते इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये वाचता येते, आणि उलटतपासणीत बाहेर आलेली गोष्ट स्वतः सांगितलेल्या गोष्टीपेक्षा फार जास्त बोचते. मूळ सॉफ्टवेअरही आत्ताच परत टाकून घेऊ नका. आधी तपासणीत त्याची नोंद होऊ द्या.

नोटीस गेल्यावर गॅरेजवाला बहुतेक ‘दुसरा टर्बो फुकट टाकतो’ म्हणेल. हो म्हणायला हरकत नाही, पण लेखी अटींवर : पार्ट नंबरसह पक्के बिल, तेलाचा नवा पाइप, संप उघडून जाळी साफ, तेलाच्या दाबाची नोंद, मूळ सॉफ्टवेअर, सहा महिन्यांची वॉरंटी आणि काढलेला टर्बो या खेपेला तुमच्या डिकीत. यातल्या जाळीला तो नाही म्हणाला, तर तडजोड तिथेच सोडा आणि तक्रार दाखल करा.