दुर्गा खोटे यांना मराठी अभिनेत्री म्हणावे की हिंदी?

आपला प्रश्न असा आहे की, दुर्गा खोटे मूळच्या मराठी चित्रपटातल्या आणि नंतर हिंदीत गेलेल्या, की आधीपासूनच हिंदीच्या; आणि त्यांचे खरे मोठेपण कोणत्या भाषेतल्या कामात शोधावे. माझ्या मते त्या एका भाषेतून दुसरीत ‘गेल्या’ असे म्हणताच येत नाही. ‘अयोध्येचा राजा’ या ज्या चित्रपटाने त्यांना नाव मिळाले, तो एकाच वेळी दोन्ही भाषांत तयार होत होता आणि दोन्हींत राजा हरिश्चंद्राची राणी तारामती त्याच होत्या.

हे समजण्यासाठी १९३२ चे कोल्हापूर डोळ्यांसमोर आणावे लागेल. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि मूकपटांच्या काळात कोणालाही न पडलेला प्रश्न सगळ्या कंपन्यांपुढे उभा राहिला, तो म्हणजे बोलायचे कोणत्या भाषेत? केवळ मराठीत बोलपट काढला, तर तो मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, नागपूर अशा मर्यादित टापूतच चालणार. केवळ हिंदीत काढला, तर घरचा प्रेक्षक दुरावणार. प्रभात फिल्म कंपनीने, जी तेव्हा कोल्हापुरात होती आणि अजून पुण्याला आलेली नव्हती, दोन्ही आवृत्त्या एकत्र चित्रित करण्याचा मार्ग धरला. मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आणि हिंदीत ‘अयोध्या का राजा’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीताच्या बाजूला गोविंदराव टेंबे, आणि तारामती म्हणून दुर्गाबाई.

हे आजच्यासारखे आवाज बदलून दुसरी भाषा चिकटवण्याचे काम नव्हते. पार्श्वगायन नव्हते, नंतर आवाज भरण्याची सोय नव्हती. कॅमेऱ्यापुढे जे बोलले आणि गायले जाई, तेच पडद्यावर ऐकू येई. त्यामुळे तोच देखावा, तोच पोशाख, तेच अश्रू एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत उभे करावे लागत. पोटचा मुलगा गेल्याचा आक्रोश एकदा मनापासून केल्यावर लगेच दुसऱ्या भाषेच्या लयीत पुन्हा तितक्याच मनापासून करणे किती कठीण असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. द्विभाषिक अभिनेत्री हा शब्द आपण आज दोन चित्रपटसृष्टींत कामे करणाऱ्या कोणालाही लावतो, पण त्या काळी त्याचा अर्थ इतका शब्दशः होता.

तारामतीच्या भूमिकेला आणखी एक संदर्भ आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या पुरुषाला ती भूमिका करावी लागली. त्यानंतर एकोणीस वर्षांनी तीच तारामती करायला पुढे आली, ती मुंबईच्या एका सुखवस्तू सॉलिसिटरची मुलगी. १४ जानेवारी १९०५ रोजी लाड कुटुंबात जन्मलेली विटा (हे दुर्गाबाईंचे माहेरचे नाव) कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजीतून शिकली आणि खोटे यांच्या श्रीमंत घरात सून म्हणून गेली. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली, पदरी बकुल आणि हरीन ही दोन मुले होती, आणि मिळवते होणे भाग पडले. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मधली पहिली छोटी भूमिका त्यांच्या वाट्याला कौतुकाऐवजी टीकाच घेऊन आली. ‘चांगल्या घरातल्या’ स्त्रीने चित्रपटात जाणे म्हणजे कुळाला कलंक, असे मानणाऱ्या समाजात त्यानंतरही त्या दुसऱ्यांदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हे धैर्य मला त्यांच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठे वाटते. पुढे पतींचे अकाली निधन झाले आणि संसाराचा भार पूर्णपणे त्यांच्या कमाईवर आला.

‘माया मच्छिंद्र’ हाही प्रभातचा दोन भाषांतला चित्रपट त्याच वर्षीचा. त्यात सोशिक तारामतीच्या जागी स्त्रीराज्याची करारी राणी आली. मात्र दुर्गाबाई एकाच कंपनीच्या पगारी नोकर होऊन राहिल्या नाहीत. नटनट्यांनी कंपनीशी बांधलेले असावे हा तेव्हाचा शिरस्ता होता, आणि तो मोडून वेगवेगळ्या संस्थांसाठी काम करणाऱ्या पहिल्या मोठ्या कलाकारांत त्यांची गणना होते. कोलकात्याच्या न्यू थिएटर्ससाठी त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ केला. तेथील रीत वेगळी होती. हिंदीतली मीरा दुर्गाबाईंची, तर बंगाली आवृत्तीत ती भूमिका चंद्रावती देवींची. भाषा बदलली की नायिका बदलायची, असा हा मार्ग. त्याच्याशी तुलना केली म्हणजे प्रभातमध्ये दुर्गाबाईंकडून काय अपेक्षा होती आणि त्यांनी ती कशी पुरी केली, हे अधिक स्पष्ट होते. देवकी बोस यांच्याच ‘सीता’मध्ये (१९३४) त्या नायिका होत्या आणि तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. प्रभातच्या ‘अमरज्योती’मधली (१९३६) बंडखोर सौदामिनी तर आजही थक्क करते. आईचा मुलावरचा हक्क नाकारणाऱ्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही स्त्री केवळ हिंदीत बोलली, याची एक मराठी प्रेक्षक म्हणून मला हळहळ वाटते.

चाळिशीच्या दशकातही दोन भाषांचा हा जोडरस्ता सुटला नाही. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून आलेल्या ‘पायाची दासी’ आणि त्याच्या ‘चरणों की दासी’ या हिंदी रूपात त्यांनी सुनेला छळणारी सासू उभी केली, तर विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये आणि त्याच्या ‘भरत भेट’ या मराठी रूपात कैकेयी. नायिकेच्या वयात असताना खाष्ट सासू आणि कैकेयी स्वीकारणे हा मोठा निर्णय होता. बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेने या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना लागोपाठ गौरवले.

पुढची हिंदी कारकीर्द बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘मुगल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई, ‘बॉबी’मधली आजी, ‘बिदाई’तली आई आणि तिला मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. मात्र या काळात त्यांच्या मराठीचे काय झाले, हे सहसा सांगितले जात नाही. ती रंगभूमीवर नांदत होती. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई केली, वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्ये राणी केली, आणि १९५८ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना अभिनयासाठी मिळाला. हिंदी पडद्यावर मायाळू आई होऊन बसलेल्या या स्त्रीला सत्तेसाठी पेटलेल्या स्त्रिया मराठी नाटकाने दिल्या. म्हणून एका भाषेतले काम पाहून त्यांना जोखणाऱ्याच्या हाती अर्धीच दुर्गा खोटे लागते, असे मी मानतो.

निर्मितीतही त्यांनी आपले पाय रोवले होते. माहितीपट आणि जाहिरातपटांचा व्यवसाय त्यांनी उभा केला आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

इंग्रजी शाळेत शिकलेल्या आणि पन्नास वर्षे बहुतांशी हिंदीत काम केलेल्या दुर्गाबाईंनी ‘मी दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र मात्र मराठीत लिहिले. आपल्याला सुरुवात करायची असेल, तर ते वाचण्याआधी ‘अयोध्येचा राजा’ पाहावा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ध्वनीच्या खरखरीतून तारामतीचे शब्द कानावर येत होते आणि जोधाबाईचा आवाज मला त्यात ओळखू आला. लिलावाचा प्रसंग लक्ष देऊन ऐका, आणि त्यानंतर ‘मुगल-ए-आझम’मध्ये पती आणि पुत्र यांच्यामध्ये उभी असलेली जोधाबाई ऐका.