व्हेंटिलेटर लावल्यावर जाग्या माणसाचे श्वासाचे स्नायू थांबतात का?

आपला प्रश्न असा आहे की, साताऱ्याच्या रुग्णालयात आपले वडील पूर्ण शुद्धीवर असून बायपॅपच्या (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या व्हेंटिलेटरच्या) मास्कवर आहेत, हवा तर यंत्रच आत ढकलते, मग त्यांच्या मानेचे स्नायू दर श्वासाला का ताणले जातात. मिरजेत अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना नातेवाइकांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो.

यंत्र हवा देऊ लागले की स्नायू काम सोडतात, ही समजूत गाढ भूल दिलेल्या रुग्णापुरती बऱ्याच अंशी खरी आहे. जाग्या माणसाला ती लागू पडत नाही. बायपॅप सहसा रुग्णाच्या प्रयत्नाची चाहूल लागल्यावरच दाब वाढवते, म्हणजे श्वासाची सुरुवात श्वासपटलालाच (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूला) करावी लागते; आणि दाब मिळाल्यावरही ते तत्काळ सैल पडत नाही, कारण श्वास किती वेळ घ्यायचा हे मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र ठरवते. मदत पुरेशी असेल तर प्रयत्नाचा जोर काही श्वासांतच उतरतो, पण शून्यावर येत नाही. गाढ झोपेत मात्र यंत्राने जास्त हवा दिल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमीपेक्षा ३ ते ५ मिलिमीटर पाऱ्याइतका घटला, तरी श्वास काही क्षण थांबू शकतो. जागेपणी तेवढ्याच घटीने तो सहसा थांबत नाही.

‘अंग सैल सोडा’ असे आम्ही दिवसातून दहादा सांगतो खरे, पण ते जमायला सराव लागतो. रुग्ण श्वास सोडू लागला असताना यंत्र हवा ढकलतच राहिले, तर त्याच्या पोटाचे स्नायू आवळले जातात. याला वॉर्डात ‘पेशंट मशीनशी भांडतोय’ म्हणतात. माझ्या मते भांडण बहुधा मशीनच उकरून काढते.

स्नायू पूर्ण स्वस्थ ठेवणेही हिताचे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलातील स्नायुतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटलेले, म्हणजे तंतू बारीक झालेले आढळले. तेथे श्वासपटल पूर्ण निष्क्रिय होते; आपल्या वडिलांचे तसे नाही, आणि ते थोडेफार राबते आहे ही चांगलीच गोष्ट आहे.

मानेचे स्नायू मात्र सतत ताणलेले दिसत असतील, तर मदत कमी पडत असेल, मास्कमधून हवा गळत असेल, यंत्राची वेळ जुळत नसेल किंवा आजारच वाढला असेल. हे डॉक्टरांच्या लगेच कानावर घाला. पुढच्या राउंडची वाट पाहू नका.