‘डोमेस्टिकला सोडा’ म्हणजे नेमके कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विमानप्रवासाची आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वाचकांची धास्ती विमानाची नसून विमानतळाची आहे. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझे नागपूरहून येणारे विमान मुंबईत टर्मिनल १ वर दुपारी सव्वादोनला उतरते आणि सिंगापूरचे विमान टर्मिनल २ वरून सायंकाळी सव्वासातला सुटते. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली आहेत. एकाच विमानतळावर विमान बदलायला पाच तास पुरेसे नाहीत का? मुलगा म्हणतो, नागपूरहून सकाळचे विमान घ्या.
— एक निवृत्त शिक्षक, वर्धा

उत्तर : सर्व काही वेळेवर झाले तर पाच तास पुरतात. तरीही दोन तिकिटांच्या दरात फार फरक नसेल, तर मी आपल्या चिरंजीवांच्या बाजूने मत देईन. कारण ‘एकाच विमानतळावर’ हे शब्द मुंबईच्या बाबतीत धावपट्टीपुरतेच खरे आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले पूर्वेला आहे, ज्याला जुनी माणसे अजूनही ‘सांताक्रूझ’ म्हणतात. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार येथे आहे. विमाने दोन्हीकडची एकाच धावपट्टीवर उतरतात, परंतु प्रवाशाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत आतल्या आत चालत जाता येत नाही. बाहेर पडून शहराच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर जावे लागते.

आपल्या वेळेचा हिशेब असा मांडून पाहा. सव्वादोनला उतरल्यावर पट्ट्यावरून सामान हाती येईपर्यंत तीन वाजले असे धरू. टॅक्सी मिळून, वाहतुकीतून वाट काढत टर्मिनल २ ला पोहोचायला चार वाजले तरी हरकत नाही, कारण आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर साधारणतः तीन तास आधी उघडते. मात्र ते विमान सुटण्याच्या सुमारे तासभर आधी बंदही होते, म्हणजे आपल्याला सव्वासहाच्या आत सामान देऊन मोकळे व्हायला हवे. याचा अर्थ आपल्या हाती खरी सवड दोन तासांची आहे, पाच तासांची नाही. नागपूरचे विमान तासभर उशिरा आले तर धावपळ होईल, पण निभावेल. तीन तास उशिरा आले तर सिंगापूरचे विमान गेलेच म्हणून समजा. आणि तिकिटे वेगळी असल्यामुळे पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काहीही संबंध राहत नाही. तिच्या लेखी आपण वेळेवर न आलेले प्रवासी ठरता. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकावर असते, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती.

टॅक्सीखेरीज आता मेट्रोचाही मार्ग आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या भुयारी मेट्रो मार्गिका ३ वर दोन्ही टर्मिनलची स्वतंत्र स्थानके आहेत आणि त्यांच्यामध्ये सहार रोड हे एकच स्थानक लागते. दुपारच्या वेळी रस्ता तुंबलेला असेल तर हा मार्ग टॅक्सीपेक्षा भरवशाचा आहे. मात्र स्थानकापासून टर्मिनलच्या दारापर्यंत सामान ओढत चालावे लागते, तेव्हा दोन मोठ्या बॅगा आणि एकटा माणूस असेल तर मी टॅक्सीच सुचवीन. परतताना आपले विमान मध्यरात्री उतरणार असेल तर मेट्रो बंद असते, हेही लक्षात असू द्या.

आता शब्दांविषयी, कारण मुंबईतील बहुतेक चुका रस्त्यामुळे नव्हे, तर शब्दामुळे होतात. पूर्वी देशांतर्गत विमाने सांताक्रूझहून आणि परदेशी विमाने सहारहून सुटत, त्यामुळे टॅक्सीत बसून ‘डोमेस्टिक’ किंवा ‘इंटरनॅशनल’ एवढे म्हटले की काम भागत असे. २०१४ मध्ये टर्मिनल २ ची नवी इमारत सुरू झाली आणि पुढे तेथूनही देशांतर्गत विमाने सुटू लागली. आज एकाच कंपनीची काही विमाने एका टर्मिनलवरून आणि काही दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. टॅक्सीवाल्याला मात्र ‘डोमेस्टिक’ म्हटले की तो सवयीने टर्मिनल १ कडे वळतो, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहाटेचे विमान होते, टॅक्सीत बसताच ‘डोमेस्टिक’ म्हटले आणि डोळे मिटले. दारावरच्या सुरक्षा जवानाने माझे तिकीट हातात घेतले, ओळखपत्राशी नाव ताडून पाहिले, मग कागदाच्या मधोमध अंगठा ठेवून तो कागद माझ्याकडे वळवला. त्याच्या अंगठ्याच्या नखाशी ‘टी २’ अशी दोन अक्षरे होती. ती आदल्या रात्रीपासून तेथेच होती. मी फक्त विमानाची वेळ पाहिली होती. विमान मिळाले, पण त्या पहाटे टॅक्सीवाल्याला दिलेले जादा पैसे आजही आठवतात.

तेव्हा तिकिटावर शहराच्या नावाखाली किंवा वेळेच्या शेजारी लहान अक्षरांत छापलेला टर्मिनलचा क्रमांक शोधावा, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो कंपनीच्या संदेशाशी पुन्हा ताडून पाहावा, कारण तिकीट काढल्यानंतर टर्मिनल बदलल्याची उदाहरणे आहेत. टॅक्सीत बसताना ‘टी-टू’ किंवा ‘टी-वन’ एवढेच म्हणावे.

प्रश्न : आम्ही उभयता मुलीकडे हॅम्बुर्गला प्रथमच जात आहोत. मुंबई–फ्रँकफर्ट–हॅम्बुर्ग असे एकच तिकीट असून फ्रँकफर्टला दोन तास वीस मिनिटांचा अवधी आहे. तिकिटावर दोन्ही विमानांसाठी टर्मिनल १ लिहिलेले आहे. आम्हांला इंग्रजी वाचता येते, पण बोलण्याची सवय नाही. तेथे सामान घ्यावे लागेल का? आम्ही हरवलो तर काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याला इंग्रजी वाचता येते, एवढे पुरे आहे. मोठ्या विमानतळावर बोलण्याची गरज फार थोडी पडते; तेथे पाट्या वाचायच्या असतात आणि त्या ठरावीक क्रमाने येतात.

सामानाचा प्रश्न मुंबईतच सुटतो. काउंटरवर बॅगेला जी लांब चिकटपट्टी लावतात, तिच्यावर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी संकेत असतो. बॅग पट्ट्यावर सरकण्याच्या आत तो वाचा. तेथे हॅम्बुर्गचा ‘एचएएम’ असेल तर बॅग थेट हॅम्बुर्गला जाईल आणि फ्रँकफर्टला तिची चौकशी करण्याचे कारण नाही. शेवटचा संकेत फ्रँकफर्टचा ‘एफआरए’ दिसला तर तेथेच थांबून काउंटरवरील व्यक्तीला तिकीट दाखवा. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही मुंबईतच मागून घ्या. बॅगेच्या पट्टीचा जो लहान तुकडा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात, तो हॅम्बुर्गला बॅग हाती येईपर्यंत फाडू नका.

फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ मध्ये ए, बी, सी आणि झेड अशी गेटांची अक्षरे आहेत, आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो तो ए आणि झेडपाशी. त्या इमारतीच्या एका लांब भागात हे दोन विभाग शेजारी शेजारी नसून एकावर एक आहेत. वरच्या मजल्यावर झेड ५२ आणि खालच्या मजल्यावर ए ५२ असे समान आकडे आढळतात. वरचा मजला भारतासारख्या, शेंगेन करारात (युरोपातील अनेक देशांचा आपापसांत पासपोर्ट तपासणी न ठेवण्याचा करार) नसलेल्या देशांच्या विमानांसाठी, तर खालचा शेंगेन देशांतर्गत विमानांसाठी आहे, आणि दोहोंच्या मध्ये पासपोर्ट तपासणी आहे. म्हणून गेटचा नुसता आकडा पाठ करू नका. अक्षर आधी, आकडा नंतर. आपले हॅम्बुर्गचे विमान जर्मनीतल्या जर्मनीत जाणारे असल्यामुळे ते बहुधा ए विभागातून सुटेल, आणि आपण उतराल ते बी, सी किंवा झेडला.

यावरून दुसरी गोष्ट उघड होते, जी पुष्कळांना ठाऊक नसते. आपला जर्मनीतील प्रवेश हॅम्बुर्गला नव्हे, तर फ्रँकफर्टलाच नोंदवला जाईल. पासपोर्ट अधिकारी तेथे भेटेल, हॅम्बुर्गला भेटणार नाही. म्हणून मुलीचे निमंत्रणपत्र, तिचा पत्ता, विमा आणि परतीचे तिकीट हे कागद हातातल्या पिशवीत ठेवा. ते बॅगेत टाकले तर ज्या क्षणी लागतील त्या क्षणी ते आपल्याजवळ नसतील. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमांवर बाहेरच्या प्रवाशांची छायाचित्रासह संगणकीय नोंद घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे प्रथमच जाणाऱ्यांना रांगेत अधिक वेळ लागू शकतो. दोन तास वीस मिनिटे पुरतील, मात्र दुकानांपाशी रेंगाळायचे ते ए विभागात पोहोचल्यावर.

विमानातून बाहेर पडल्यावर सर्वांच्या मागोमाग चालत जाऊ नका. त्यांतील पुष्कळांचा प्रवास फ्रँकफर्टलाच संपलेला असतो आणि ते सामानाच्या पट्ट्याकडे निघालेले असतात. पहिल्या मोठ्या फलकापाशी बाजूला उभे राहा, हॅम्बुर्गच्या विमानाचा क्रमांक शोधा (शहराच्या नावाने शोधू नका, कारण हॅम्बुर्गला दिवसभरात अनेक विमाने जातात), त्यासमोरचे गेट कागदावर लिहून घ्या आणि मगच बाणांच्या मागे लागा. टर्मिनलांमध्ये ‘स्कायलाइन’ नावाची विनाचालक गाडी धावते. तिच्या पाट्या दिसतील, परंतु आपली दोन्ही विमाने टर्मिनल १ चीच असल्याने त्या गाडीत बसण्याची गरज नाही. वाट चुकलीच तर गणवेशातील कोणालाही बोर्डिंग पास दाखवा. तोंडाने काही बोलावे लागत नाही, समोरचा माणूस बोटाने दिशा दाखवतो.

अशा प्रवाशांना नातेवाईक हमखास व्हीलचेअर मागण्याचा सल्ला देतात. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल, तर संकोच न करता किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवून ती मागून घ्यावी. केवळ वाट दाखवायला माणूस मिळावा म्हणून धडधाकट व्यक्तीने ती मागणे मला पटत नाही. ज्याला खरोखर चालता येत नाही, असा कोणीतरी त्या वेळी खुर्चीची वाट पाहत विमानाच्या दारात बसलेला असतो.

प्रश्न : दुबईला टर्मिनल ३ वर उतरून पुढचे विमान टर्मिनल २ वरून आहे. नकाशावर दोन्ही जवळ दिसतात. चालत जाता येईल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाही. टर्मिनल १ आणि ३ धावपट्ट्यांच्या एका बाजूला आहेत, तर टर्मिनल २ त्यांच्या पलीकडे. नकाशावर जवळ दिसते ती मधली मोकळी जागा म्हणजे धावपट्ट्याच होत. एकच तिकीट असेल आणि बॅगेवर शेवटच्या शहराचा संकेत असेल, तर इमिग्रेशनकडे न वळता ‘कनेक्शन्स’च्या पाट्यांमागे जा, तेथून विमानतळाची बस आतल्या आत पलीकडे नेते. बसची वाट पाहणे आणि प्रवास मिळून निदान अर्धा-पाऊण तास राखून ठेवा. तिकिटे वेगळी असतील आणि बॅग दुबईपर्यंतचीच असेल, तर ती घेण्यासाठी आपल्याला देशात प्रवेश करावा लागेल आणि त्यासाठी व्हिसा लागेल. तिकीट काढण्यापूर्वी हा खर्च त्यात मिळवून पाहा. स्वस्त वाटलेले तिकीट अनेकदा येथे महाग पडते.

प्रश्न : गोव्याच्या विमानतळावर भाच्याला आणायला गेलो आणि तो दुसऱ्याच विमानतळावर उतरला. ही फसगत कशी टाळावी?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तीन अक्षरांचा संकेत विचारून. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत : वास्कोजवळचे दाबोळी, ज्याचा संकेत ‘जीओआय’ आहे, आणि पेडणे तालुक्यातील मोपा, ज्याचा संकेत ‘जीओएक्स’ आहे. आपल्याला सावंतवाडीहून मोपा अगदी हाकेच्या अंतरावर आहे, आणि दाबोळीला जायचे म्हणजे जवळजवळ सगळा उत्तर गोवा ओलांडावा लागतो. नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाल्यापासून मुंबईच्या प्रवाशांनाही हेच लागू आहे. ‘बीओएम’ म्हणजे सहार-सांताक्रूझ आणि ‘एनएमआय’ म्हणजे पनवेलजवळचे नवे विमानतळ. भाच्याला पुढच्या वेळी ‘कधी येतोस’ याबरोबर तिकिटाचे छायाचित्रही पाठवायला सांगा.