कथेला ९, गेमप्लेला ७?

सिडको, नाशिक

प्रिय मित्रा,

व्हिडिओ गेमवरचे तुझे तिन्ही लेख वाचले. तिन्हींच्या शेवटी तीच चौकट आहे : कथा ९, गेमप्ले (म्हणजे आपण प्रत्यक्ष खेळतो तो भाग) ७, किंमत ६, आणि खाली सरासरी. ताई, मोकळेपणाने सांग, असं म्हणालास म्हणून सांगते. ती चौकट आधी काढून टाक. तुझ्या लिहिण्यातलं जे चांगलं आहे ते तिच्यामागे झाकलं जातंय.

'रेड डेड रिडेम्प्शन २'बद्दल तू लिहिलंस, "कथा दमदार, पण गेमप्ले फार संथ." गेमचा नायक आर्थर मॉर्गन कपाट उघडतो, एकेक डबा हातात घेतो, मग पिशवीत टाकतो. हरीण मारलं तर त्याचं कातडं सोलतानाही हा गेम घाई करत नाही. तुला हा वेळ फुकट गेला असं वाटलं. पण १८९९ साल आहे, आर्थरच्या टोळीचे दिवस भरत आलेत, हे तुला कशातून कळलं? थोडंफार कटसीनमधल्या, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेल्या दृश्यांतल्या, संवादांतून. बाकी सगळं त्या संथपणातून, छावणीत लाकडं फोडताना, घोड्याला खरारा करताना. म्हणजे गेमप्लेचे गुण तू ज्यासाठी कापलेस, त्याच्याच जोरावर कथेला ९ मिळालेत.

तक्रारीची खरी जागा वेगळी आहे आणि ती तुझ्या लेखात आलीच नाही. मोकळ्या माळावर हा गेम म्हणतो, जा कुठेही, कर काहीही. मिशन, म्हणजे गेमने दिलेली कामगिरी, सुरू झालं की मात्र ठरलेली वाट सोडून जरा बाजूला गेलास तरी मिशन फेल. मागून चढून जायची युक्ती सुचली तर ती मनातच ठेवायची. बाहेर एवढी मोकळीक आणि मिशनमध्ये पायात दोरी, असं का केलं असेल त्यांनी? यावर तू दोन पानं लिहिली असतीस तर मी आवडीने वाचली असती.

ही कुरबुर जुनीच आहे. २००७ साली 'बायोशॉक' आला तेव्हा क्लिंट हॉकिंग या स्वतः गेम बनवणाऱ्या माणसाने याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. खेळताना तो गेम विचारतो, वाटेत भेटणाऱ्या लहान मुलींना वाचवतोस, की त्यांच्यातली शक्ती काढून घेऊन स्वतः बळकट होतोस? स्वार्थी व्हायची मुभा तुझ्या हातात देतो. कथेत मात्र अ‍ॅटलस नावाचा माणूस रेडिओवरून सांगेल ते केल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. तिथे स्वार्थ चालत नाही, नकारही चालत नाही. हॉकिंगने गेमला नावं ठेवली, पण कुठे आणि का ते दाखवून ठेवली. 'कथा ठीकठाक' एवढ्यावर तो थांबला असता तर आज त्याचं नाव कुणी घेतलं नसतं.

तर पुढच्या लेखाचं पहिलं वाक्य 'या गेमची कथा अशी आहे' असं नको. 'या गेममध्ये मी बहुतेक वेळ काय करत होतो' इथून सुरू कर. 'हेडीस' घे. त्याचा नायक झॅग्रियस पाताळातून बाहेर पडायला बघतो, मरतो, आणि परत बापाच्या घरात येतो. घरातले लोक त्याच्या त्या मरणावर बोलतात, टोमणे मारतात, नवी गोष्ट सांगतात. एकदा बाहेर निसटून कथा संपतही नाही, पुन्हा पुन्हा निसटावं लागतं. इतर गेममध्ये मेलास की कथा थांबते, इथे मेल्याशिवाय ती सरकत नाही. आता सांग, यात कथेचे गुण कुठे द्यायचे आणि गेमप्लेचे कुठे? किंवा 'आउटर वाइल्ड्स' घे. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. नवी बंदूक नाही, लेव्हल नाही. मागच्या फेरीत तुला जे कळलं तेवढंच तुझ्याजवळ उरतं. त्यावर लिहिलंस तर यापलीकडे काही फोडू नकोस. तो गेम माणसाला एकदाच खेळता येतो.

आणि जे खेळला नाहीस त्यावर मत देऊ नकोस. हे सांगायला नको, पण सांगते. २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला त्या दिवशीच इंटरनेटवर लोकांच्या शून्य गुणांची रास पडली. इतक्या कमी वेळात तो कुणाचाच खेळून संपला नसणार. फुटलेली कथा वाचून लोक आधीच रागावून बसले होते. तुलाही तो गेम आवडला नाही, ठीक आहे. पण तुझ्या लेखातला राग वाचलेला वाटतो, खेळलेला वाटत नाही.

आता किंमत. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

आमचं इथे सिडकोत गेम पार्लर होतं, तुला माहीत आहे. दादा मशिनी बघायचा आणि मी गल्ल्यावर वही घेऊन बसायचे. कोण कधी बसलं, कधी उठलं, तासाचा हिशेब. पोरं 'व्हाइस सिटी' लावायची आणि मिशनला हात म्हणून लावायची नाहीत. सुरुवातीला वादळाचं कारण सांगून पूल बंद असतात, मिशनं केली की ते उघडतात. पण तासाचे पैसे मोजून बसलेलं पोर मिशन कशाला करेल? 'पँझर' हा छुपा कोड टाइप करायचा, आकाशातून पडावा तसा रणगाडा समोर, आणि मग तासभर शहरात धुमाकूळ. गेमचा नायक टॉमी व्हर्सेटी कोण, तो कुणावर चिडलाय, याचा पत्ताच नसायचा. कुणी चिकाटीने मिशनं केलीच, तर दुसरा येऊन त्याची सेव्ह फाइल, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उडवायचा आणि भांडण गल्ल्यापर्यंत यायचं.

ताशी किती पडले हा हिशेब तिथला आहे. आम्ही खुर्ची भाड्याने देत होतो, गेमची पारख करत नव्हतो. तू मात्र तोच हिशेब लेखात आणलास : ७० तासांचा गेम म्हणजे पैसा वसूल, चार तासांचा म्हणजे फसवणूक. या मापाने 'पोर्टल' नापास होतो. एका दुपारी संपतो तो, आणि त्यात एकही खोली अशी नाही की जी काढून टाकली तरी चालेल. उलट काही ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं फिरू देणारे, गेम नकाशाभर चिन्हं टाकून ठेवतात. पंगतीत आपण नको नको म्हणत असताना वाढपी जिलबी वाढत राहतो, तसं ते तासांवर तास वाढत जातात. त्यातले खरोखर किती खेळलास आणि किती नुसते उरकलेस, ते लिही. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

पण किंमत सोडून देऊ नकोस, उलट जास्त नेमकी लिही. पीएस५ हे सोनीचं गेमचं मशिन आलं तेव्हा कंपनीच्या मोठ्या गेमची किंमत आपल्याकडे ४,९९९ रुपये होती. तुझा वाचक कोण? सातपूरला पहिली नोकरी लागलेला मुलगा, नाहीतर सिन्नरहून रोज एसटीने कॉलेजला येणारी मुलगी. त्यांच्यासाठी हा महिन्याचा निर्णय आहे. तू असाच गेम मित्राकडून घेऊन खेळलास आणि 'किंमत रास्त' असं लिहिलंस. हे कसं चालेल? पूर्ण किमतीत घेतलास, सेलमध्ये घेतलास की उसना आणलास, ते पहिल्या परिच्छेदात येऊ दे. डाउनलोड किती मोठं आहे तेही लिही. 'रेड डेड २'ला पीसीवर १५० जीबी जागा लागते, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती कशी उतरवणार? पीसीचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किमती दिसतात. विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. आपल्याकडे कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. मग पहिल्या दोन तासांत गेम काय काय दाखवतो हे तुझ्या लेखात असलं, तर कुणाचे तरी हजार-दोन हजार वाचतील.

कोणत्या मशिनवर, कोणत्या तारखेला, कोणत्या पॅचवर (म्हणजे नंतर आलेल्या कोणत्या दुरुस्तीवर) खेळलास तेही दे. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला, आणि जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम मशिनवर, त्याची अशी गत होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. २०२३ चा २.० पॅच आल्यावर खेळणाऱ्याला तोच गेम ओळखू येत नव्हता. तारीख नसलेलं मत अशा गेमबाबत वाचणाऱ्याची दिशाभूल करतं.

'राजी' या गेमबद्दल एवढंच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये तो आणला, भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ. भिंतींवरची चित्रं बघून मलाही भरून आलं. पण कॅमेरा स्वतः फिरवता येत नाही, लढताना अंतराचा अंदाज चुकतो, आणि तू हे जाणूनबुजून गाळलंस. आपल्या माणसांनी केलंय म्हणून गप्प बसलास. ते बनवणाऱ्यांना तुझ्या कौतुकापेक्षा त्या कॅमेऱ्याबद्दलचा तुझा एक परिच्छेद जास्त कामाला आला असता.

पुढचा लेख 'सेलेस्ट'वर लिही. त्यात असिस्ट मोड आहे, गेमचा वेग कमी करता येतो, हवं तर मरणच बंद करता येतं. एक चॅप्टर तो मोड बंद ठेवून खेळ, तोच चॅप्टर पुन्हा चालू ठेवून खेळ. डोंगर चढणाऱ्या त्या मुलीची गोष्ट दोन्ही वेळा तुला सारखीच वाटली का, तेवढंच लिही. गुण नकोत, 'एक नंबर' नको, 'जबरदस्त' तर नकोच. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, मला स्क्रीनवर खुणा करता येत नाहीत. कॉलेज रोडला प्रिंट काढ, दोन ओळींत जागा सोडून, आणि शनिवारी संध्याकाळी सातनंतर घेऊन ये. त्याआधी मी घरी नसते.

तुझी,
ताई