क्लबात पहिल्यांदा जाताना
अशा वेळी काय घालावे आणि कसे वागावे, हे तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. दक्षिण मुंबईतल्या जुन्या क्लबात पक्षकाराने जेवायला बोलावले, म्हणून नवे कपडे शिवू नका. स्वच्छ पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट बहुधा पुरतात, मात्र चपला टाळा, कारण विलिंग्डन क्लबाने अनवाणी आलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनाही प्रवेश नाकारला होता. (दारावरचा नियम माणसाची योग्यता मोजत नाही, हे त्यावरून कळावे.) बिलासाठी हट्ट धरू नका, अनेक क्लबांत पाहुण्याचे पैसे चालतच नाहीत, सदस्यच सही करतो. नवख्यांची खरी चूक वेगळीच असते: आपल्या गावाचे नाव लपवणे आणि न पाहिलेल्या लंडनविषयी मान डोलावणे. ‘मी गेलेलो नाही, तुम्हीच सांगा’ असे सरळ म्हणावे. काट्याचमच्यांचे शास्त्र तूर्त राहू द्या.